चौरस फूट मोजताय, मग दोन इमारतींमधलं अंतरही मोजा

मुंबईत रिडेव्हलपमेंटची कोणतीही सभा बघा. कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती टक्के वाढणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी रोख रक्कम) किती, भाडं किती, पार्किंग मिळणार का, यावर रात्री अकरापर्यंत खडाजंगी. शेजारची भिंत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून किती लांब असेल, हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

आमच्या सोसायटीत आलेल्या नकाशात सोफा, डायनिंग टेबल, अगदी कुंड्यासुद्धा काढल्या होत्या. प्लॉटच्या हद्दीबाहेर मात्र कोरा कागद! तिथे शेजारची सोसायटी आहे, आणि तीही रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. तिचा टॉवर उभा राहिला की आमच्या खालच्या मजल्यांवर ऊन येणार कुठून?

1896 च्या प्लेगने या शहराला हवा-उजेडाचं हे मोल शिकवलं होतं. 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली, पुढे तिने उजेडाच्या कोनाचा 63.5 अंशांचा नियम आणला. साधा हिशेब असा की इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा समोर मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वस्त्यांत आजही जो मोकळेपणा जाणवतो, ती त्या काळच्या नियमांची पुण्याई.

2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीतही मोकळ्या जागेचे नियम आहेतच. पण प्लॉट लहान आणि एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) भरपूर, मग मोकळी जागा कमी पडते. ती कमतरता कन्सेशनमध्ये, म्हणजे नियमातून मागितलेल्या सवलतीत दाखवायची, त्यासाठीचं शुल्क म्हणजे प्रीमियम भरायचा, मंजुरी घ्यायची. पैसे बिल्डर भरतो, ते जातात सरकारी तिजोरीत, आणि उजेड जातो तिथे राहणाऱ्यांचा. हे मला अजिबात मान्य नाही. हवा-उजेड विकायचा हक्क कुणालाच नसावा.

पुनर्वसनाच्या इमारतींत तर सवलती आणखी सैल. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर. तिथल्या आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या क्षयरोगाचा कोंदट, अंधाऱ्या घरांशी असलेला संबंध 2018 मध्ये अभ्यासातून पुढे आला. गरिबाला पक्कं घर दिलं, पण खिडकी उघडून उपयोग नाही असं.

म्हणून सांगतो, सही करण्याआधी आर्किटेक्टकडून शेजारच्या इमारतींसकट नकाशा मागा. कोणकोणती कन्सेशन्स घेणार त्याची यादी मागा. आणि चारही बाजूंचं किमान अंतर डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये मीटरमध्ये लिहून घ्या. "नियमाप्रमाणे" एवढ्यावर भागवू नका, कारण कन्सेशन मिळालं की तेही नियमातच बसतं.