कागद नसलेली जुनी गाडी घेताय? आधी माणूस शोधा

"गाडी एक नंबर आहे, इंजिन कुणी खोललेलं नाही, फक्त आरसी बुक नाहीये, चाळीस हजार म्हणतोय, घेऊ का?" असे मेसेज हल्ली फार यायला लागलेत. कधी प्रीमियर पद्मिनी असते, कधी मारुती ८००, कधी कुणाच्या शेतात उभी असलेली जुनी महिंद्राची जीप. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो, लांब आहे पण वाचा, कारण यात पैसे जातात ते जातातच पण कधीकधी तिसऱ्याच माणसाचं घर बसतं.

माझं उत्तर सरळ आहे. गाडी बघायच्या आधी विचारा की गाडी कुणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस किंवा त्याचे वारस तुम्हाला भेटलेत का? भेटले नसतील तर इसार म्हणून पाचशे रुपयेसुद्धा देऊ नका. भेटले असतील आणि सही द्यायला तयार असतील तर मग आरसी बुक हरवलंय ही फार मोठी अडचण नाही, त्याला रस्ता आहे.

लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. कागद हरवणं वेगळं आणि मालकच गायब असणं वेगळं. कागद चांगल्या घरातनंही हरवतात. आजोबांनी हौसेनं घेतलेली फियाट, आजोबा गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, गाडी वाड्याच्या मागं पत्र्याखाली गेली आणि आरसी बुक कुठल्या पेटीत राहिलं कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडं सांगली-कोल्हापूरला तर २०१९ च्या महापुरात किती घरांतली कागदपत्रं चिखलात गेली ते ज्यांनी घरं धुतली त्यांना विचारा. अशा माणसाला चोर समजायचं काहीच कारण नाही. त्यानं पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करायची, फॉर्म २६ भरायचा आणि ज्या आरटीओचं पासिंग आहे तिथनं डुप्लिकेट आरसी काढायची. पण हा अर्ज नोंदणीकृत मालकाचा असतो हे लक्षात ठेवा. तुम्ही घेणारे म्हणून जाऊन "माझं आरसी हरवलं" म्हणू शकत नाही, ते तुमचं नव्हतंच. मालक वारले असतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदं आणि बाकीच्या वारसांची संमती. गाडी आधी वारसाच्या नावावर येऊ दे, मग तुमच्या. दोन टप्पे होतात, वेळ जातो, जाऊ दे.

दुसरा प्रकार म्हणजे विकणारा म्हणतो "मी एकाकडनं घेतली, त्यानं कुणाकडनं तरी घेतली, मूळ मालक मुंबईला असतो बहुतेक". इथं थांबायचं. गाडी चोरीची असू शकते, फायनान्स कंपनीचा बोजा अजून उतरलेला नसू शकतो, पोलीस केसमधली असू शकते, नाहीतर टॅक्स आणि दंड इतका थकलेला असेल की मालकानं नाद सोडला. बाहेरनं बघून यातलं काही कळत नाही. पॉलिश मारलेली चोरीची गाडीसुद्धा तितकीच चमकते. आणि १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ साधी गोष्ट सांगतं, ज्याच्याकडं मालकी नाही तो तुम्हाला मालकी देऊ शकत नाही, काही अपवाद आहेत पण चोरीच्या गाडीला ते वाचवत नाहीत. म्हणजे तुम्ही रोख मोजलेत, पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली, दोन साक्षीदार उभे केले, तरी खरा मालक उद्या आला तर गाडी त्याची. नोटरीचा कागद पैसे दिल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल, विकणारा सापडला तर. आरटीओच्या रेकॉर्डवर त्यानं मालक बदलत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहितोय ते. आपण नेहमी घेणाऱ्याचा विचार करतो, पण ज्याच्या नावावर गाडी राहिली त्याचं काय? मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सुप्रीम कोर्टात २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हे प्रकरण निकाली निघालं ते बघा. गाडी एकानं दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिथनं अजून पुढं, नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एक मूल गेलं. पहिला मालक म्हणाला मी तर कधीच विकली, गाडी माझ्या ताब्यातसुद्धा नाही. कोर्टानं सांगितलं की नोंदणी तुझ्या नावावर आहे, भरपाई तू देणार. आणि त्या मुलाच्या घरच्यांच्या बाजूनं विचार केला तर कोर्टाचं म्हणणं बरोबरच आहे, त्यांनी मालकांची साखळी कुठं शोधत फिरायची?

म्हणजे तुम्ही कागद नसलेली गाडी घेऊन गावात फिरवता तेव्हा कुठंतरी एक रिटायर्ड मास्तर किंवा एखादी विधवा बाई आपल्या नावावर ती गाडी आहे हे विसरूनही गेलेली असते, आणि चलन, अपघात, पोलीस, सगळं तिच्या दारात जायची शक्यता असते. इन्शुरन्स नसतो कारण आरसीशिवाय तो धड होत नाही, म्हणजे भरपाई खिशातनं. मला हा व्यवहार नुसता धोक्याचा नाही तर अन्यायाचा वाटतो, आणि "चालतंय की, गावातल्या गावात फिरवायचीय" हे ऐकलं की खरंच राग येतो. अपघात गावातल्या गावातच होतात. ज्यांनी गाडी विकलीय आणि नाव बदलायचे कोरे फॉर्म २९-३० सह्या करून दिलेत त्यांनीही आज जाऊन बघा नाव बदललंय का. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, घेणाऱ्याला ३० दिवस आहेत.

आणि एजंट. सगळे तसे नसतात, चांगले एजंट माझ्या ओळखीचे आहेत जे फॉर्म नीट भरून देतात आणि फी सांगतात तेवढीच घेतात. पण जो म्हणतो "मालकाची गरज नाही, मी कागद करून देतो" त्याच्यापासून लांब राहा. मालकाशिवाय कागद कसे होतील याचा विचार करा. एखादी टोटल लॉस झालेली, भंगारात गेलेली त्याच मॉडेलची गाडी बघायची, तिचं आरसी विकत घ्यायचं, तुमच्या गाडीचा चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, घासायचा आणि तिचा नंबर पंच करायचा, हा त्यातला एक रस्ता. मग तुमच्या हातात कागद असतो, ऑनलाइन नाव दिसतं, सगळं खरं वाटतं. पण पकडलं तर तो बनावटगिरीचा गुन्हा आहे आणि गाडी तुमच्या दारात उभी असणार, एजंटच्या नाही. म्हणून बघायला जाताना जुन्या मेकॅनिकला सोबत न्या. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, अक्षरं वाकडीतिकडी, खोलीला कमीजास्त, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा, नवा रंग फक्त तेवढ्याच जागी, असं काही दिसलं तर चहा पिऊन परत या.

घरबसल्या करण्यासारखंही बरंच आहे. परिवहनच्या साइटवर किंवा अॅपवर नंबर टाका, पासिंग कधी संपलं, बोजा आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का ते दिसतं. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारा केंद्राचा विभाग) वाहन समन्वय साइटवर चोरीच्या गाड्यांची माहिती बघता येते. ई-चलन बघा. आणि खर्चाचं गणित आधी मांडा, कारण चाळीस हजाराची गाडी चाळीस हजारात पडत नाही. खासगी कारचं पहिलं पासिंग १५ वर्षांचं, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू. ती फी एप्रिल २०२२ ला ६०० वरनं ५००० झाली आणि २० वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासनं १०,०००. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, आणि गाडी तपासणीत पास व्हायला जे काम निघेल ते. दिल्लीकडनं स्वस्तात येणाऱ्या गाड्यांना तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला टॅक्स, इथली नवी नोंदणी हे सगळं आलं, एनओसी हातात नसेल तर ती गाडी स्वस्त कशी म्हणायची?

पण मग सगळा दोष घेणाऱ्या-विकणाऱ्याचाच का? नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्या प्रामाणिक माणसाला सरकारनं रस्ता फार अरुंद ठेवलाय. १९८९ च्या आधीच्या, एमएच यायच्या आधीच्या तीन अक्षरी नंबरच्या कित्येक गाड्या ऑनलाइन सापडतच नाहीत, त्यांची नोंद आरटीओच्या जुन्या रजिस्टरात. ती कॉम्प्युटरवर आणायला बॅकलॉग एंट्री करावी लागते, आणि रजिस्टरचं पान फाटलं असेल किंवा सापडतच नसेल तर खऱ्या मालकाच्या वारसालाही हेलपाटे. यातनंच "कागद करून देतो"वाल्याचा धंदा चालतो. माणूस कंटाळतो आणि त्याच्याकडं जातो.

२०२१ ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्या, नंबरमध्ये व्हीए, नवीन नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. चांगली गोष्ट केली. पण भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर तिथंही जुनं आरसी मागतात, आणि पन्नास वर्षांची अट असल्यानं ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनी अधांतरी राहतात. डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० ला तर २०३३ उजाडावं लागेल. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा किती हळहळलो आपण, आणि इकडं घरोघरच्या पद्मिनी कागदाअभावी कापल्या जातायत. नियमानं स्क्रॅप करायची तरी मालक आणि आरसी लागतं, म्हणून त्याही चोरूनच भंगारात जातात!

माझं म्हणणं असं की आरटीओनं वर्षातनं एकदा जिल्ह्याला जुन्या नोंदींचं शिबिर लावावं. वारस आणि गाडी दोन्ही समोर, चेसिस तिथंच तपासा, चोरीच्या यादीशी ताडून बघा, हरकतीसाठी जाहीर नोटीस द्या, मुदत संपली की नोंद करा. जो खरा आहे तो आनंदानं फी भरेल, आणि जो गाडी समोर आणायला घाबरतो त्याचं उत्तर तिथंच मिळेल. यासाठी परिवहन आयुक्तांकडं निवेदन द्यायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणी तीन अक्षरी नंबरच्या गाडीची बॅकलॉग एंट्री करून घेतली असेल तर कुठल्या आरटीओत कुठली कागदं मागितली ते खाली लिहा, निवेदनात जोडता येईल. फोन नंबर, आरसीचे फोटो टाकू नका, नुसती कागदांची नावं पुरेत.