क्लच सेट नवीन असूनही गिअर का पडला नाही: ताईंच्या एक स्टार रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे क्लच सेट बदलून 22 दिवस झाले आणि आनेवाडी टोलनाक्यावर पहिला गिअर पडेना. मागे गाड्यांची रांग, गाडीत सासूबाई आणि लहान बाळ. आम्हाला फोन केलात तर "गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल" असं ऐकावं लागलं. शेवटी साताऱ्यातल्याच दुसऱ्या मेकॅनिकने गिअरबॉक्सला हात न लावता स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बदलला आणि गाडी चालू झाली. त्यामुळे आम्ही क्लच प्लेट उगाच बदलून पैसे उकळले, असं तुमचं म्हणणं.

फोनवर मीच बोललो होतो. गाडी न बघता तसं बोलायला नको होतं. तुमची माफी मागतो.

क्लच प्लेटचं मात्र सांगायलाच हवं. तुम्ही गाडी आणलीत तेव्हा तक्रार अशी होती की खंबाटकी चढताना इंजिन नुसतं ओरडतं, वेग धरत नाही, जळका वास येतो. ही प्लेट घासल्याची लक्षणं. तुमची जुनी प्लेट आम्ही टाकलेली नाही. रिवेटपर्यंत घासली आहे, येऊन हातात घेऊन बघा.

टोलनाक्यावरचं दुखणं वेगळं होतं. घासलेली प्लेट पकडत नाही, घसरते. गिअर पडत नाही तेव्हा बहुतेक वेळा क्लच नीट सुटत नसतो. पेडल दाबूनही इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये जात राहते, मग पहिला पडत नाही आणि रिव्हर्सला कर्रकर्र आवाज येतो. आपण दोन्हीला "क्लच गेला" म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

मग 22 दिवसांतच असं का झालं? इथे आमची चूक आहे. प्लेट घासत जाते तसा स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन आत आत सरकत जातो. नवीन प्लेट बसली की तो पुन्हा बाहेरच्या बाजूला येतो, आणि तिथे वर्षानुवर्षं साचलेली घाण आणि गंज असतो. जुना रबरी सील त्यावर घासून कापला जातो, ऑइल गळतं, हवा शिरते, आणि पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. जुन्या गाडीचा क्लच सेट बदलताना सिलिंडरचं रबर बूट उचलून बघायला हवं, आणि ओल दिसली तर गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगायला हवं. आम्ही ते बघितलं नाही.

फोनवर मी हे विचारायला हवं होतं: इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर सहज पडतात आणि चालू गाडीत पडत नाहीत, तर दोष क्लचकडे. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर पडला, तर क्लचचं ऑइल गळतंय किंवा त्याच्या लाइनमध्ये, म्हणजे नळीत, हवा आहे. मग क्लच ऑइलच्या टाकीतली पातळी बघायची आणि पेडलच्या वर मास्टर सिलिंडरपाशी (पेडलने ऑइलवर दाब देणारा भाग) ओल आहे का ते चाचपायचं. कधी मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल आतल्या आत सीलच्या मागे निसटतं, बाहेर थेंब दिसत नाही. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून धरलं तरी गाडी हळूहळू पुढे सरकू लागते. बंद गाडीतही गिअर पडत नसेल आणि दांडा ढिला लागत असेल, तर गिअर केबल किंवा तिच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश निसटलेलं असतं. तेही बाहेरूनच होणारं काम. सकाळी थंड गाडीत गिअर जड जात असतील, तर आधी गिअर ऑइलची पातळी आणि ग्रेड तपासतो. आणि बाकी सगळं ठीक असताना एकच गिअर, बऱ्याचदा दुसरा, टाकताना खरखरला तर सिंक्रो रिंगचा (गिअर आवाज न करता जुळवणारी गिअरबॉक्समधली कडी) संशय. गिअरबॉक्स उघडायची वेळ तेव्हा येते.

तुमच्या बाबतीत हे दोन मिनिटांत कळलं असतं, आणि सासूबाईंना आणि बाळाला घेऊन उन्हात थांबावं लागलं नसतं.

त्या गॅरेजचं बिल आणा. स्लेव्ह सिलिंडर, मजुरी आणि टोइंगचे पैसे आम्ही देतो. क्लच सेटचे पैसे परत करणार नाही, कारण ते काम गरजेचं होतं. त्या मेकॅनिकने जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरलं का, तेवढं विचारून घ्या. भरलं नसेल तर इथे या, लाइनमधली हवा काढून नवीन ऑइल भरून देतो, त्याचे पैसे लागणार नाहीत. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कधीही या.