अंगणात सोडून ज्वारी टाकली म्हणजे पोल्ट्रीची कोंबडी गावरान होत नाही

आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पोल्ट्रीतून काढून टाकलेली कोंबडी स्वस्तात आणा, अंगणात सोडून ज्वारी टाका, महिन्यात गावरान होते. कवच पातळ आलं तर पानाचा चुना चारा. अंडं अडकलं तर पोट दाबून काढा. अंडी थांबली तर रात्री बल्ब लावा.

कोंबड्या जरूर वाचवा, मीही अकरा आणल्यात. पण या सल्ल्यानं त्या मरतील.

लाल रानकोंबडी, म्हणजे आपल्या कोंबड्यांची रानटी पूर्वज, वर्षाला १०-१५ अंडी घालते, पोल्ट्रीची ३०० च्या वर. ही पैदाशीतली निवड आहे, अंगण बदललं म्हणून ती जात नाही. गावरान कोंबडी काही अंडी घालून खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, अंगाला विसावा मिळतो. पोल्ट्रीची सहसा खुडूक होतच नाही. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि १०० ग्रॅम ज्वारीत ते फार तर ३० मिलिग्रॅम. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून आणताना पाय किंवा पंख धरून उचलू नका, हाड मोडतं. दोन्ही हातांनी छातीशी धरा. अंडी चालू आहेत तोवर लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं खाद्यच द्या, ज्वारी मूठभर, वरून.

पानाचा चुना दाहक असतो, चोच आणि घसा भाजतो. त्याऐवजी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तसा ती खाते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की कॅल्शियम देऊनही कवच पातळ येतं. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातला समतोल बिघडतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तेव्हा सावली, माठाचं पाणी, आणि खाद्य पहाटे व सांजेला.

सगळ्यात घातक सल्ला पोट दाबण्याचा. मागच्या उन्हाळ्यात माझी एक कोंबडी रांजणाजवळ ताठ उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खालीवर हलत होती. शेपटीखाली हाताला कडक गोळा लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “दाब की, निघंल.” दाबलं असतं तर आत अंडं फुटलं असतं, कवचानं अंड्याची नळी चिरली असती, नाहीतर अंग, म्हणजे ती नळीच, बाहेर आलं असतं. मी तिला घमेल्यात कोमट पाण्यात पोटापर्यंत २० मिनिटं बसवलं, मग अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. कॅल्शियम डॉक्टरांनी दिलं. दोन तासांनी अंडं आलं, कवच वाळूसारखं खरबरीत. एवढं करूनही काही तासांत अंडं आलं नाही तर वाट पाहू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिकडं न्या.

पोट पाण्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत लागलं तर बहुधा बलक पोटात सांडून आत सूज आलेली असते. तिथं कोमट पाण्याचा उपयोग नाही, लगेच डॉक्टर. अंग बाहेर आलं असेल तर ते ओलं, स्वच्छ ठेवा आणि तिला वेगळी करा, बाकीच्या टोचून मारतात.

बल्बचं तर उलटंच आहे. पोल्ट्रीत १६ तास उजेड ठेवतात तो अंडी काढण्यासाठीच. दिवस लहान झाला की अंडी थांबतात, पिसं झडतात, हाडं भरायला सवड मिळते. माझ्या त्या कोंबडीनं दिवाळीपासून एकही अंडं घातलेलं नाही. मानेवर नवी पिसं आलीत आणि आता ती उकिरड्यावर चढून दिवसभर उकरत असते.