क्षचा वर्ग आणि स्पेसबारची मर्जी

कागदावर क्षचा वर्ग लिहायला दोन फटकारे पुरतात. वर्डमध्ये तोच लिहायचा तर माणूस ‘इन्सर्ट’वर जातो, उजव्या टोकाला पायचं चिन्ह शोधतो, घातांकाचा साचा निवडतो, ठिपक्यांच्या इवल्या चौकोनावर नेम धरतो आणि शेजारच्या चौकोनात जाऊन पडतो. माउसने समीकरण लिहिणं हा माझ्या मते स्वतःहून ओढवून घेतलेला छळ आहे. ऑल्ट धरून = दाबलं की समीकरणाची चौकट हजर होते, २००७च्या आवृत्तीपासून. पुढचं सगळं कीबोर्डवर.

अट एकच, स्पेसबारची मर्जी सांभाळायची. एरवी तो रिकामी जागा सोडतो. या चौकटीत तो हुकूम सोडतो. क्ष, मग ^, मग २ टाइप करा. दोन जमिनीवरच उभा. स्पेस दिली की टुणकन वर. स्पेस न देता पुढे य टाइप केलात, तर यसुद्धा दोनाचं बोट धरून माडीवर जातो. हवा होता क्षचा वर्ग गुणिले य, मिळतो क्षचा दोन-यवा घात.

अपूर्णांकाला / पुरतो, पण ‘अ+ब’ला ‘क’ने भागायचं तर अ+ब कंसात हवं. नाहीतर एकटा ब अंशात चढतो आणि अ बाहेर ताटकळत राहतो. कंस घातलेत की स्पेस देताक्षणी ते गायब होतात. बरेच जण इथे हाय खातात आणि अन्डू करत सुटतात. काही बिघडलेलं नसतं. कुठून कुठपर्यंत अंश हे सांगून कंस निवृत्त झाले. ते कागदावर दिसायला हवे असतील तर दुहेरी घालायचे.

वर्गसमीकरणाच्या उकलीचं सूत्र घ्या. क्ष, =, कंस उघडा, उणे ब. मग बॅकस्लॅश, पी, एम, स्पेस: अधिक-उणे आलं. बॅकस्लॅश, एस, क्यू, आर, टी, लगेच कंस, आत ब^२-४अक, आणि दोन्ही कंस बंद. मग /, २अ, स्पेस. सगळा डोलारा आपापल्या जागी बसतो. छेदातल्या २अला कंस लागला नाही, कारण चिकटून आलेले अंक-अक्षर एकच मानले जातात. मघाशी यला माडीवर नेणारा नियम तो हाच.

हे सगळं कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर, म्हणजे क्ष, य, अ, ब, कच्या जागी x, y, a, b, c टाइप करून. इन्स्क्रिप्टवर मराठी लिहिता लिहिता तसेच चौकटीत शिरलात, तर ^ दाबल्यावर त्र उमटतो, बॅकस्लॅशला ॉ, अंडरस्कोरला विसर्ग आणि भागाकाराच्या / ला साक्षात य. भागायला जावं तर नवीन चल पदरात! कीबोर्ड बदलायला विंडोज आणि स्पेस. (पुन्हा तोच.) चौकटीतल्या कँब्रिया मॅथ या फॉन्टात देवनागरी नाहीच, त्यामुळे मराठी शब्द बाहेर ठेवलेले बरे.

त्रिकोणमितीतला साइन लिहितानाही एस, आय, एन झाल्यावर स्पेस द्या, म्हणजे ती अक्षरं सरळ उभी राहतात. नाही दिलीत तर ती तिरपी राहतात, आणि वाचणाऱ्याच्या लेखी तो तीन राशींचा गुणाकार.

सर्वांत छुपा शत्रू म्हणजे पूर्णविराम. समीकरण ओळीत एकटं असलं की ऐटीत मधोमध बसतं. त्याच्यामागे चौकटीबाहेर एक टिंब दिलंत की वर्ड समजतो, हा तर वाक्याचा तुकडा! लगेच अपूर्णांक आक्रसतात आणि बेरजेच्या चिन्हाच्या वर-खाली असलेल्या मर्यादा कडेला सरकतात. टिंब चौकटीच्या आत द्या, ऐट परत येते. क्रमांक हवा असेल तर तोही आतच: समीकरणानंतर #, कंसात १, एंटर. तो उजव्या कडेला जाऊन बसतो. स्पेसबार मारून क्रमांक कडेला ढकलणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. फॉन्ट बदलला की ते स्वतःच घालतील.

उंच अपूर्णांकाचं डोकं छाटलेलं दिसलं तर दोष गणिताचा नाही, ओळींतल्या अंतराचा. परिच्छेदाला ‘एक्झॅक्टली’ लावलेलं असतं, ‘सिंगल’ करा. समीकरणाचं बटण फिकं पडलं असेल तर फाइल जुन्या डॉक प्रकारची आहे, डॉकएक्स करा. त्याहून जुनी, इक्वेशन एडिटर ३.० या जुन्या साधनाने लिहिलेली समीकरणं दिसतात, पण त्या एडिटरने बदलता येत नाहीत. सुरक्षेतल्या भगदाडामुळे मायक्रोसॉफ्टने तो एडिटर जानेवारी २०१८मध्ये काढूनच टाकला.

या जाचाला वैतागणारे थोर लोकही आहेत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना आपल्या पुस्तकाची छपाई पसंत पडली नाही, म्हणून १९७७मध्ये ते स्वतःच टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला बसले. काम उरकायला दशकभर लागलं. आपण निदान ऑल्ट आणि = दाबून पाहावं.

आणि पीडीएफमधून आकडे उचलताना घात तपासा. ते पेस्ट होताना बरेचदा जमिनीवर येतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३×१०⁸ मीटर. दहाचा आठवा घात खाली घसरला की उरतं ३×१०८, म्हणजे ३२४ मीटर. हवेतला आवाज ३४० च्या आसपास धावतो. या हिशेबाने आधी गडगडाट ऐकू येईल आणि वीज नंतर चमकेल.