टॉवर बांधताय? लै भारी!

कोल्हापूर जगात भारी आहेच, आता फक्त उंच व्हायचं बाकी आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला तर त्याला काय, कौलं दाखवायची? पेठेतला वाडा पाडा आणि लागा कामाला. भावकीचा दावा कोर्टात आहे तोवर थोडी कळ सोसावी लागेल, पण बिल्डरला दम असतो.

जागा शक्यतो पंचगंगेच्या अंगाची बघा. तिथं दोन पूररेषा आखल्यात : निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर येऊन गेले ते नदीला नकाशा वाचता येत नाही म्हणून. चार डंपर मुरूम टाकला की रेषा आपोआप सरकते. पाणी काय, शेजारच्या गल्लीत जाईल. जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' मात्र ठळक छापा. फसवलं असं कुणाची म्हणायची टाप नाही.

नवा राजवाडा 1884 साली पुरा झाला. त्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट आपल्या इमारती कोसळतील या धास्तीनं खचले, असं सांगतात. काळ्या दगडातला राजवाडा अजून ताठ उभा आहे. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. तडा गेला तर पुट्टी आहे, पुट्टीलाही गेला तर सोसायटी आहे.

कटकट एकच, किरणोत्सवाची. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट अंबाबाईपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहरा. देऊळ बांधणाऱ्यांना तुमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीची कल्पना नव्हती, त्याला तुम्ही काय करणार? अडथळा काढा म्हणून माणसं येतील. चहा पाजा, टाकी सरकवा, चौथ्या दिवशी जागेवर आणा. तरीही किरणं अडलीच तर ढगांवर ढकला. आभाळ स्वच्छ असलं तर धूळ आहे, बाष्प आहे. (पश्चिमेच्या फ्लॅटला 'सनसेट व्ह्यू' म्हणून जादा दर लावायचा, हे बिल्डरला शिकवायला नको.)

स्वतःला अकरावा मजला ठेवा. जोतिबाचा डोंगर दिसतो, शेजारचा टॉवर होईपर्यंत. पुराची भीती तर नाहीच. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तुम्ही कोरडे ठणठणीत. फक्त उपसा केंद्रं बुडाल्यानं तेव्हा गावाचे नळ बंद पडले होते, आणि वीज गेली की लिफ्टही बंद. म्हणजे खिडकीतून बघावं तिकडं पाणी आणि माठात खडखडाट. टँकर खाली उभा राहील. हंडा झाकणाचा न्या, नाहीतर सातव्या मजल्यापर्यंत निम्मा सांडतो. जिना अरुंद आहे. आधी वाट भरल्या हंड्याला द्यायची की रिकाम्या, ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये पावसाळ्याआधीच ठरवून घ्या.