‘सोनोग्राफी आहे ना, मग इंटरस्केलीनच द्या’ : चार दावे आणि त्यांचं उत्तर

भूलतज्ज्ञांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. शब्द बदलतात, सार तेच असतं. सोनोग्राफी असली की खांद्यापासून बोटांपर्यंत कशालाही इंटरस्केलीन ब्लॉक, म्हणजे मानेतल्या स्केलीन स्नायूंच्या मध्ये हाताच्या नर्व्हभोवती दिलेलं बधिर करणारं औषध, पुरतो. औषध १० मिलीवर आणलं की डायाफ्राम (श्वासाचा मुख्य स्नायू) वाचतो. नर्व्ह डोळ्यांना दिसते, म्हणून इजा होत नाही. आणि सुईचं टोक दिसत असताना औषध रक्तात जाईलच कसं? प्रत्येक दाव्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

‘खांद्यापासून बोटांपर्यंत’

हा दावा सर्वांत कच्चा. इंटरस्केलीनचं औषध सी-५, सी-६ आणि बहुतेकदा सी-७ ही नर्व्हची मुळं गाठतं (सी म्हणजे मानेतली, टी म्हणजे छातीतली). सी-८ आणि टी-१ खाली राहतात, त्यामुळे करंगळीकडचा हात जागाच असतो. मनगटाच्या प्लेटिंगला किंवा डायलिसिसच्या फिस्टुलाला सुप्राक्लेविक्युलर, इन्फ्राक्लेविक्युलर किंवा अॅक्झिलरी (कॉलरबोनच्या वर, खाली किंवा काखेत दिलेला) ब्लॉक निवडावा. कॉलरबोनला उलटी अडचण येते. तिच्यावरची कातडी सी-३, सी-४ मधून येणाऱ्या नर्व्हकडे असते, म्हणून नुसत्या इंटरस्केलीनवर चिरा घेतला की रुग्ण ओरडतो. तिथे सर्व्हायकल प्लेक्ससचा (मानेतल्या नर्व्हच्या जाळ्याचा) वरवरचा ब्लॉक जोडावा लागतो: स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या बाजूच्या स्नायूच्या मागच्या कडेच्या मध्याशी, स्नायूच्या खाली, ५ ते १० मिली. खांद्याचा चिरा काखेकडे उतरत असेल तर तिथली टी-२ची कातडी यातल्या कशानेच बधिर होत नाही.

‘१० मिली दिलं की डायाफ्राम वाचतो’

१९९१ साली अर्मी आणि सहकाऱ्यांनी ३४ ते ५२ मिली देऊन पाहिलं, तेव्हा प्रत्येक रुग्णात त्या बाजूचा डायाफ्राम लुळा पडला. पुढच्याच वर्षीच्या मोजमापात फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकता येणारी हवा) सुमारे २७ टक्क्यांनी घटलेली दिसली. २००८ मध्ये रियाझी यांच्या गटाने सोनोग्राफीखाली २० मिली आणि ५ मिली यांची तुलना केली. २० मिलीत सगळ्यांचा डायाफ्राम गेला, ५ मिलीतही ४५ टक्के जणांचा गेला. मग १० मिलीवर कसली हमी?

कारण शरीररचनेत आहे. डायाफ्राम हलवणारी फ्रेनिक नर्व्ह अँटिरिअर स्केलीनच्या पुढच्या अंगावरून खाली उतरते. क्रिकॉइडच्या (गळ्यातल्या कूर्चेच्या कड्याच्या) पातळीला ती सी-५ पासून जेमतेम २ मिमीवर असते आणि पुढे दर सेंटिमीटर खाली गेल्यावर ३ मिमी लांब सरकते. म्हणजे औषध कमी करण्याइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कुठे सोडता. २०१६ च्या एका चाचणीत दोन्ही गटांना ०.५ टक्के बुपिव्हाकेन २० मिलीच दिलं, फक्त एका गटात ते हाताच्या प्लेक्ससच्या आवरणाबाहेर, ४ मिमी बाहेरच्या बाजूला सोडलं. डायाफ्राम लुळा पडण्याचं प्रमाण ९० वरून २१ टक्क्यांवर आलं.

याच विचारातून सुपिरिअर ट्रंक ब्लॉक आला. सी-५ आणि सी-६ पकडून प्रोब हळूहळू खाली सरकवा. दोन्ही मुळं मिसळून एक गोळा (सुपिरिअर ट्रंक) होतो, तिथे थांबा. सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह फुटण्याच्या आधीच. सुई बाहेरून आत, इन-प्लेन, म्हणजे पूर्ण लांबी पडद्यावर दिसेल अशी. ट्रंकच्या बाहेरच्या कडेला ५ ते १० मिली पुरतं.

ज्याची छाती आधीच अधू आहे, म्हणजे बळावलेली सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), पलीकडचं फुफ्फुस काढलेलं, पलीकडचा डायाफ्राम लुळा, त्याला २१ टक्केही परवडत नाहीत. अशा वेळी मागून सुप्रास्कॅप्युलर आणि अॅक्झिलरी नर्व्हचे ब्लॉक, सोबत जनरल अॅनेस्थेशिया. वेदनाशमन थोडं उणं राहील, ते औषधांनी भरून काढा. शंका असेल तर ब्लॉकआधी आणि नंतर कर्व्हिलिनिअर प्रोबने बरगड्यांखालून एम-मोडमध्ये (हालचालीचा आलेख दाखवणाऱ्या) डायाफ्राम बघा. नाकाने जोरात हुंगायला सांगितल्यावर तो उलट्या दिशेने हलला तर लुळा आहे. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा आवाजही आधी ऐकून घ्यावा. पलीकडची व्होकल कॉर्ड गेलेली असेल आणि या ब्लॉकने इकडची गेली, तर श्वासच अडेल.

‘नर्व्ह दिसते, म्हणून इजा होत नाही’

सोनोग्राफीमुळे न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा शिरणं) कमी झाला. नर्व्हच्या इजेबद्दल तसं सिद्ध झालेलं नाही. स्केलीन स्नायूंमध्ये सिग्नलच्या दिव्यांसारखे एकाखाली एक तीन काळे गोल दिसतात, आणि ते सी-५, सी-६, सी-७ असं सरळ धरलं जातं. पुष्कळदा खालचे दोन्ही गोल दुभंगलेल्या एकट्या सी-६ चे असतात. त्यांच्या मधून सुई घातली की ती मुळातच शिरते. मुळं मोजायची तर ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरून: सी-६ चा पुढचा उंचवटा ठसठशीत असतो, सी-७ ला तो जवळपास नसतोच.

मिडल स्केलीनमधून डॉर्सल स्कॅप्युलर आणि लाँग थोरॅसिक नर्व्ह जातात, म्हणजे नेमक्या आपल्या सुईच्या वाटेत. लाँग थोरॅसिक दुखावली तर पाठीचं फावडं (खांद्यामागचं चपटं हाड) पंखासारखं उचललं जातं. स्टिम्युलेटर (सुईतून सौम्य वीज देऊन स्नायू हलतो का ते दाखवणारं यंत्र) ०.५ मिलिअँपिअरवर ठेवा. फावडं हललं तर सुई मागे घेऊन वाट बदला. इंजेक्शनचा दाब १५ पीएसआयच्या आत हवा. सिरिंज कडक लागली तर ढकलू नका. आणि रुग्णाला गाढ झोपवून हा ब्लॉक देऊ नये. २००० साली बेन्युमॉफ यांनी जनरल अॅनेस्थेशियाखाली इंटरस्केलीन दिलेले, मज्जारज्जूच्या कायमच्या इजेचे चार रुग्ण नोंदवले. त्या वेळी सोनोग्राफी नव्हती हे खरं, पण ‘झणका गेला’ असं सांगणारा रुग्ण कुठल्याही मशीनने मिळत नाही.

‘औषध रक्तात जाण्याचा प्रश्नच नाही’

धोका घटला आहे, संपलेला नाही. सुई टोचण्याआधी कलर डॉप्लर लावा. ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल किंवा डॉर्सल स्कॅप्युलर धमनी काळ्या गोलासारखी दिसून नर्व्ह म्हणून खपून जाते. सी-७ च्या पातळीला व्हर्टिब्रल धमनी शेजारीच असते. तिच्यात गेलेलं १–२ मिलीही थेट मेंदूत पोचून फिट आणू शकतं. शिरा प्रोबच्या दाबाने मिटतात, त्यामुळे सिरिंज ओढल्यावर रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. दाब सैल करून पुन्हा ओढा. ३–३ मिलीच्या टप्प्यांनी द्या. औषध सोडताना पडद्यावर काळं पसरताना दिसलं नाही तर तिथेच थांबा. टोक चित्राबाहेर आहे किंवा रक्तवाहिनीत आहे.

५० किलोच्या रुग्णाला बुपिव्हाकेन २ मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे १०० मिग्रॅ, ०.५ टक्क्याचं २० मिली. त्यात सर्जनने जखमेत टोचलेलंही धरायचं, जे हटकून विसरलं जातं. रक्तात गेलेल्या औषधाच्या विषबाधेवरचा उपाय म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन. त्याची बाटली ब्लॉकआधीच खोलीत हवी. विषबाधा झालीच तर त्याच रुग्णाला ते ७५ मिली २–३ मिनिटांत, मग मिनिटाला १२.५ मिली. त्याऐवजी प्रोपोफॉल (लिपिडमध्येच मिळणारं भुलीचं औषध) चालत नाही. त्यात लिपिड अपुरं असतं आणि प्रोपोफॉल रक्तदाब आणखी पाडतं.