खुलासा: गरोदरपणात योनीमार्ग आतून धुण्याच्या सल्ल्याबाबत

गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘बंद’ होते, म्हणून बाळापर्यंत जंतू पोहोचू नयेत यासाठी योनीमार्ग रोज जंतुनाशकाने आतून धुवावा, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. हा सल्ला चुकीचा असून अपायकारक ठरू शकतो.

योनीमार्गात जिवाणू असणे हा आजार नव्हे. तेथील आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच केले होते. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढल्याने योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (शर्करेचा साठवलेला प्रकार) साठते, त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शर्करेपासून लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) साधारणपणे ३.८ ते ४.५ राहतो, एवढ्या आम्लतेत अनेक अपायकारक जिवाणूंना फोफावता येत नाही. प्रतिकारशक्तीही बंद होत नाही, गर्भाला सामावून घेताना तिच्या कामाची पद्धत बदलते. मात्र लॅक्टोबॅसिलस घटून गार्डनेरेलासारखे जिवाणू वाढले, तर दाह वाढवणारे रासायनिक संदेश स्रवू शकतात, आणि या बिघाडाचा अकाली प्रसूतीशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. आतून धुण्याने नेमके रक्षण करणारे जिवाणूच कमी होतात, ही खरी काळजीची बाब आहे.

अंगावरून पांढरे थोडे अधिक जाणे या काळात स्वाभाविक असते. स्राव राखाडी झाला, त्याला मासळीसारखा वास आला किंवा खाज-जळजळ होऊ लागली, तर घरगुती उपाय न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्या गरोदर भगिनींना तो आधीच पाठवला असेल त्यांना हा खुलासा आवर्जून कळवावा.